घराण्याची माहिती कॉम्प्युटरवर लावण्याविषयी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि मनापासून आनंद झाला. घराण्याचा इतिहास शोधायचं तू इतकी वर्षं म्हणत होतास, आता खरंच हात घातलास. वह्या, दाखले, फोटो, मोबाइलवरची रेकॉर्डिंग असं सगळं साठलंय आणि आता हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये भरू, असं विचारलं आहेस. माझं उत्तर ग्रॅम्प्स. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि सगळी माहिती तुझ्याच कॉम्प्युटरवर राहते.

एक मात्र आधीच सांगतो. बहुतेक जण सॉफ्टवेअर उघडतात ते वंशवृक्षाचं चित्र काढायला. चित्र छानच येतं, पण त्याच्या नादाला लागू नकोस. या कामात सॉफ्टवेअरचा खरा उपयोग म्हणजे कुठली गोष्ट आपल्याला कुठून कळली, हे त्यात पक्कं बांधून ठेवता येतं.

माझ्या पणजोबांचंच बघ. शाळेच्या दाखल्यात जन्मसाल १९०८. मृत्यूच्या नोंदीतलं वय धरून हिशेब केला, तर निघतं १९०४. वहीत लिहिताना माणूस यातलं एक निवडतो, दुसरं खोडतो आणि पुढे ते का खोडलं हे कुणालाच आठवत नाही. ग्रॅम्प्समध्ये मी जन्माच्या दोन नोंदी ठेवल्या आणि प्रत्येकीला तिचा आधार जोडला: कुठला कागद, कितवं पान, तो आज कुणाकडे आहे. आधार किती भरवशाचा, हेही पाच पायऱ्यांमध्ये नोंदवता येतं. मृत्यूच्या नोंदीतलं वय सांगणारा माणूस जन्माच्या वेळी हजर असण्याची शक्यता कमीच, म्हणून ती पायरी मी खालची ठेवली. शाळेतली तारीखही नाव घालणाऱ्याने अंदाजाने सांगितलेली असू शकते. उद्या तिसरा कागद मिळाला की हे दोन्ही पुन्हा तपासता येतील. मिटवलेलं काहीच नाही. तारीख नक्की नसेल तेव्हा ‘सुमारे’, ‘पूर्वी’, ‘नंतर’ किंवा ‘अमुक ते तमुक दरम्यान’ असंही भरता येतं. रकाना भरायचा म्हणून १ जानेवारी कधीही टाकू नकोस. दहा वर्षांनी तोच आकडा खरा वाटायला लागतो.

बायकांच्या नोंदींकडे जास्त लक्ष दे, ही माझी कळकळीची विनंती. लग्नानंतर नाव-आडनाव बदललं की शोधणाऱ्याच्या हातून बाई निसटते आणि तिच्याबरोबर तिची आई, आजी, सगळी ती बाजूच निसटते. म्हणून जन्माचं नाव मुख्य ठेव आणि नंतरची सगळी नावं पर्यायी नावं म्हणून जोड. कुठल्याही नावाने शोधलं तरी ती एकच व्यक्ती सापडली पाहिजे. मागे जाताना दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात. दहाव्या पिढीत त्या १,०२४ जागा होतात आणि त्यातल्या निम्म्या बायकांच्या. (प्रत्यक्षात माणसं त्याहून कमी निघतात, कारण नात्यात लग्नं झाली की तीच माणसं दोन वाटांनी येतात. अशा वेळी नवी व्यक्ती तयार करू नकोस, आधीचीच जोड.)

मूळ कागदांचं असं कर. सॉफ्टवेअर प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक देतं. कागद ज्या पाकिटात ठेवशील त्यावर तो क्रमांक पेन्सिलीने लिही आणि स्कॅन केलेल्या फाइलच्या नावाची सुरुवातही त्यानेच कर. फोटोच्या मागे शाईचं पेन मात्र लावू नकोस, शाई पुढच्या बाजूला उमटते.

सॉफ्टवेअर कायमचं नसतं, हेही ध्यानात ठेव. पर्सनल अँसेस्ट्रल फाइल हा एके काळचा लोकप्रिय प्रोग्राम २०१३ साली बंद झाला. ज्यांनी आपली माहिती जेडकॉम फाइलमध्ये काढून ठेवली होती, त्यांना ती दुसरीकडे नेता आली. जेडकॉम म्हणजे वंशावळीच्या देवाणघेवाणीसाठी १९८४ साली अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने आखलेली पद्धत. साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. निर्यात करताना अक्षरं साठवण्याची पद्धत युटीएफ-८ आहे ना, ते बघ, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. आणि नेहमीच्या जेडकॉममध्ये फोटो जात नाहीत, ते कुठल्या फोल्डरमध्ये आहेत एवढंच जातं. २०२१ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत फोटोंसकट एकच गठ्ठा करायची सोय झाली आहे, पण सगळे प्रोग्राम ती अजून वाचत नाहीत. म्हणून ग्रॅम्प्सचं स्वतःचं फोटोंसकटचं पॅकेजही काढत जा आणि एक प्रत घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेव.

नातेवाइकांना फाइल पाठवण्याआधी जिवंत माणसांचे तपशील वगळायचा पर्याय निवड. दत्तक, घटस्फोट, आजारपण अशा गोष्टी तुला कुणीतरी विश्वासाने सांगितलेल्या असतात. त्या नोंदींना खाजगीची खूण करता येते. ती आजच कर, पुढे राहून जातं.

सुरुवात मात्र कागदांपासून करू नकोस. कागद थांबतील. घरातली सगळ्यात वयस्क व्यक्ती कोण, तिच्याकडे आधी जा, बोलणं रेकॉर्ड कर आणि ती फाइल त्या व्यक्तीच्या नोंदीला जोड, तारखेसकट. मग पहिल्या वीसेक माणसांची फाइल मला पाठव. आधार नीट जोडलेत का, ते आपण फोनवर एकत्र बसून बघू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र