मनगट सरळ ठेव

चि. ओंकार, अनेक आशीर्वाद.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, असं परवा जेवताना तू सहज बोलून गेलास. तेव्हा मी काही बोलले असते तर "हो गं आई" म्हणून पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं असतंस. म्हणून लिहून पाठवते आहे.

मुंग्या कुठल्या बोटांना येतात ते आधी नीट बघ. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, तर मनगटात मीडियन नर्व्ह नावाची नस दबत असणार. तिथे हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि ही नस, सगळ्यांची वाट तीच. डोंबिवलीची सकाळची लोकलच म्हण ना. मनगट वर-खाली मुडपलं की आतला दाब वाढतो. करंगळीला मुंग्या येत असतील तर मात्र नस वेगळी. ती बहुधा कोपराशी दबते. कोपर टेबलावर रोवून बसायची तुझी सवय आहेच.

तू स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा आधार, मागवलास, ठीक. पण तो घालून टाइप कसलं करतोस? तो रात्रीसाठी, झोपेत मनगट मुडपू नये म्हणून. कीबोर्डपुढच्या त्या जेलच्या पॅडवरही टाइप करताना मनगट दाबून ठेवू नकोस, नेमकी नसेचीच जागा ती.

चांदिवलीच्या खोलीत पलंगावर मांडी घालून काम करणं आधी बंद कर. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढव, कीबोर्ड आणि माउस वेगळे लाव. कीबोर्डचे मागचे पाय मिटून टाक, ते उघडले की मनगट उलटं वाकतं. कोपर अंगाजवळ, माउस हाताशी.

मी मराठी टायपिंगच्या, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या, परीक्षा दिल्या तेव्हा मनगट मशीनला टेकलं की क्लासच्या बाई पट्टी मारायच्या. फार राग यायचा! टाइपरायटरने बोटं दुखायची नाहीत असं नाही, पण ओळ संपत आली की घंटी वाजायची, कॅरेज ढकलावी लागायची, पान भरलं की कार्बन लावून नवा कागद चढवायचा. हात आपोआप मोकळे व्हायचे. तुला ते मुद्दाम करावं लागेल. उठ, पाणी पी, बोटं उघड-मीट कर. आणि ब्रेक म्हणून फोन हातात घेऊ नकोस.

सगळा दोष कॉम्प्युटरचाच असेल असंही नाही. थायरॉईड आणि मधुमेहातही असा त्रास होतो. मला थायरॉईड, तुझ्या आजीला साखर. तेव्हा दोन्ही तपासून घे. हातातून कप निसटायला लागला, बधिरपणा दिवसभर राहिला किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग खोलगट दिसला, तर बाम चोळत बसू नकोस. सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ते नसेची तपासणी करायला सांगतील.

बाबांचा जुना कीबोर्ड माळ्यावर आहे. शनिवारी आलास की घेऊन जा, आणि रक्ताचे रिपोर्ट तेवढे सोबत आण.

तुझी,
आई