सोमनाथबाबूंविषयी, तुझ्या पत्राच्या निमित्ताने

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. राजकीय घराण्यात जन्मलेल्याचे कर्तृत्व ते काय, बापाची गादी मिळाली की झाले, असे तू लिहिले आहेस. आपल्याकडची उदाहरणे पाहता तुझा संताप मला समजतो. पण त्याच मापाने तू लोकसभेचे माजी अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जींनाही मोजलेस, ते मला पटले नाही.

त्यांना वारसा होता, हे खरेच. वडील निर्मलचंद्र हे कलकत्त्याचे नामवंत बॅरिस्टर आणि हिंदू महासभेचे अध्यक्ष, म्हणजे सावरकरांच्या पक्षातले. परंतु १९४८ साली पश्चिम बंगालमध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली आणि त्याच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी नागरी स्वातंत्र्याची चळवळ उभारणाऱ्यांत हेच महासभेचे बॅरिस्टर पुढे होते, आणि त्यातूनच कम्युनिस्ट पुढारी ज्योती बसूंशी त्यांचा स्नेह जुळला. विचार न पटणाऱ्याचाही हक्क राखायचा, ही गोष्ट सोमनाथबाबूंनी घरातच पाहिली. मला तर त्यांचा खरा वारसा हाच वाटतो.

त्यांचा जन्म १९२९ चा, आसामातल्या तेजपूरचा. प्रेसिडेन्सी कॉलेज, मग केंब्रिज, बॅरिस्टरी आणि कलकत्ता हायकोर्टात वकिली, असा रस्ता वडिलांचाच. पण १९६८ साली त्यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले. वडिलांच्या निधनानंतर १९७१ मध्ये ते वडिलांच्याच बर्दवान मतदारसंघातून लोकसभेत गेले. इथे तू बोट ठेवशील, आणि तुझे बरोबरच आहे, ती पहिली पायरी त्यांना आयती मिळाली. पुढची मात्र नाही. १९८४ मध्ये जादवपूरला, जेमतेम तिशीच्या उंबरठ्यावरच्या ममता बॅनर्जींनी त्यांना पाडले. पुढच्याच वर्षी बोलपूरच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले ते सिद्धार्थशंकर राय यांच्याविरुद्ध, म्हणजे बंगालचे माजी मुख्यमंत्री आणि देशबंधू चित्तरंजन दास यांच्या नातवाविरुद्ध, आणि निवडून आले. घराण्याच्या नावावरच मते मिळत असती, तर ती निवडणूक रायांनी सहज जिंकली असती. एकूण दहा वेळा ते खासदार झाले.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. जून २००४ मध्ये, आपले मनोहर जोशी पायउतार झाल्यावर, सोमनाथबाबू लोकसभेचे अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडले गेले. पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्या दहा सदस्यांना डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेने काढून टाकले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. आणि त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाची नोटीस आली तेव्हा, सभागृहाच्या अधिकारातली ही बाब आहे म्हणून, त्यांनी ती स्वीकारलीच नाही. लोकसभेची स्वतंत्र वाहिनीही २००६ मध्ये त्यांच्याच आग्रहाने सुरू झाली. लोकांनी आपले प्रतिनिधी कसे वागतात ते डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची तळमळ होती.

त्याच वाहिनीवर मी २२ जुलै २००८ चा तो दिवस पाहिला. अमेरिकेशी व्हायच्या अणुकरारावरून डाव्यांनी मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला होता, आणि पाठिंबा काढणाऱ्या खासदारांच्या राष्ट्रपतींना दिलेल्या यादीत पक्षाने अध्यक्षांचेही नाव घातले होते. त्यांनी राजीनामा द्यावा अशी पक्षाची इच्छा होती. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा नसतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावरची चर्चा ऐन भरात असताना काही सदस्यांनी, ही आपल्याला दिलेली लाच आहे असे सांगत, नोटांची पुडकी सभागृहाच्या टेबलावर आणून ठेवली, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस त्या गोंधळात आसनावर बसून होता; चेहऱ्यावर संतापापेक्षा दुःखच अधिक होते. रात्री २७५ विरुद्ध २५६ मतांनी ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पक्षाने चाळीस वर्षांच्या या सभासदाला काढून टाकले. विनायक, पक्षाची बाजूही मी समजू शकतो, शिस्तीवाचून पक्ष चालत नाही. तरीही त्या दिवशी चूक पक्षाची झाली, असे मी आजही म्हणेन.

त्यांनी अध्यक्षपद सोडले नाही, दुसरा पक्षही धरला नाही. २००९ मध्ये मुदत संपल्यावर ते निवृत्त झाले. १३ ऑगस्ट २०१८ रोजी कलकत्त्यात ते गेले, तेव्हा पार्थिवावर लाल झेंडा घालण्याची विनंती पक्षाकडून झाली. घरच्यांनी ती नाकारली. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झाले.

वहिनींना नमस्कार सांग. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
माधव