तो पेट्रोलचा पाइप, आणि बाकीचं

चि. सई,

अनेक आशीर्वाद. सांगलीची गाडी साडेसहाची आहे. स्वारगेटला निघण्याआधी हे लिहून टूलबॉक्समध्ये ठेवतोय. अक्कांचं ऑपरेशन शनिवारी, म्हणजे सोमवारपर्यंत माझं येणं नाही, आणि तू रविवारी आपली पद्मिनी गाडी सुरू करणारच. कर. काल माझा आवाज चढला तो इंजिनावरून नाही, त्या पेट्रोलच्या पाइपवरून. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

गणपतीत इंजिन जुळवलं, आता दिवाळी आली. बेअरिंगवरचं तेल एव्हाना खाली उतरलेलं असणार, म्हणून थेट चावी मारू नकोस. चारही प्लग काढ. कॉइलला येणारी इग्निशनची वायर काढून तिच्या टोकाला टेप लाव, नाहीतर उघड्या भोकांपाशी ठिणगी पडेल. मग दहा-पंधरा सेकंद स्टार्टर मार, दोन मिनिटं थांब, परत मार. ऑइलच्या दिव्याच्या स्विचच्या जागी मी गेज लावलाय. त्याचा काटा वर जाऊन ठरला पाहिजे. पाच-सहा खेपांत हललाच नाही, तर पंपाने तेल धरलेलं नाही. गेज काढून त्याच भोकातून ऑइलकॅनने तेल आत दाब आणि पुन्हा कर. बॅटरी जोरात आहे म्हणून तसंच फिरवत बसायचं नाही.

स्टार्टर रडल्यासारखा फिरला तर आधी इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी बघ. तू माउंटिंग इतकं सुंदर रंगवलंयस की रंगावर अर्थ बसणारच नाही. तिथला रंग पॉलिशपेपरने खरवड. पट्टी सैल असली की स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो, केबल लाल होते, आणि ती केबल कुठून जाते? त्या पाइपच्या शेजारून.

बरं, लिहितोच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, वाकवलं की चिरतं. कापडी विणीचा पाइप ओरिजिनल दिसतो हे मला मान्य आहे. पण त्या विणीमुळेच आतली चीर दिसत नाही, फक्त वास येतो. मला आला. तू म्हणालीस, कार्बोरेटरचा असेल. असेलही.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. डिस्ट्रिब्युटर तूच बसवलास, पण एकदा परत बघ. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरव. हवा अंगठा उडवते तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, आणि त्याच वेळी रोटर एक नंबरच्या वायरकडे हवा. पुलीची खूण दोन्ही फेऱ्यांत जुळते, म्हणून नुसत्या खुणेवर जाऊ नकोस. वायरींचा क्रम १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी, आणि तो आधी लाव, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. मग कॉइलची वायर परत जोड, इग्निशन चालू कर आणि कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकापासून अर्थला बारा व्होल्टचा बल्ब लाव. पॉइंट उघडतात त्या क्षणी तो पेटेल. अर्धी फेरी उलटं बसलं असेल तर कार्बोरेटरमधून उलटा भडका येतो. अशा वेळी पाइप ठिबकत असला तर... तू समजदार आहेस.

कार्बोरेटरची वाटी सिरिंजने भर, म्हणजे पहिल्या एक-दोन फिरवण्यांत पेटेल. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे आहेत, त्यांना उगाच घुसळणं सोसत नाही. पेटल्याबरोबर दोन हजार आरपीएमवर ने आणि वीस मिनिटं पंधराशे ते अडीच हजारांत खालीवर करत ठेव. आयडलवर सोडू नकोस. कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यांवर, क्रँकने उडवलेलं तेल पडतं, आणि हळू फिरलं तर ते पुरत नाही. पहिल्या वीस मिनिटांत लोब घासला की पुन्हा सगळं खोलणं आलं. तेल साधं मिनरल २० डब्ल्यू ५०, सिंथेटिक आत्ता नको, रिंगा बसायला वेळ लागतो. प्रेशर पडलं किंवा पाणी उकळलं तर मात्र वीस मिनिटांचा हिशोब विसर आणि बंद कर. पाणी भरताना हीटरचा कॉक उघडा ठेव, नाहीतर हवा अडकते. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज गरम होतो आणि पातळी उतरते. कॅप मात्र गरम असताना उघडायची नाही, भर घालायची ती थंड झाल्यावर.

ओढणी नको, केस वर बांध. फॅनला जाळी नाही. हे तुला सांगायची गरज नव्हती. तू बत्तीस वर्षांची आहेस, आणि व्हॉल्व्ह ज्या तऱ्हेने घासून बसवलेस, लॅप केलेस, तसे मला कधी जमले नाहीत. अण्णा असते तर हेड उलटं करून त्यात रॉकेल ओतून तासभर बघत बसले असते, एक थेंब गळाला नसता.

नंतर इंजिन कोमट असतानाच तेल आणि फिल्टर बदल, आणि जुन्या तेलात चुंबक फिरव. करडा लेप चालेल, कण नकोत. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट मधून कडेकडे, एकेक थोडा सैल करून परत ठरलेल्या टॉर्कला आवळ, आणि मग टॅपेटचा गॅप परत लाव.

शेडचं दार उघडं ठेव. मंदारला अग्निशामक घेऊन उभं कर, नुसता व्हिडिओ काढायला नको. पेट्रोलवर पाणी नाही. इंजिन बंद करणं तुझं काम, बॅटरीची अर्थ काढणं त्याचं. वीस मिनिटं होईपर्यंत मला फोन करू नकोस, ॲक्सिलरेटरवरचा पाय निघेल. मी तिथे हॉस्पिटलच्या बाकावर असेन.

नाना पेठेत इंजेक्शनच्या गाड्यांचा जाड पाइप मिळतो, इथेनॉलला चालणारा. आतलं माप जुळायला हवं म्हणून जुन्याचा तुकडा सोबत ने. दात्यांच्या क्लिपा नको, त्या रबर कापतात. गोल क्लिपा घे. पाचशे रुपये चहाच्या डब्याखाली ठेवलेत. शनिवारीच जा.

तुझा,
बाबा