ताई, त्या रिकाम्या कंसाबद्दल आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नाव छापायचं नाही या अटीवर तुम्ही हे पत्र जाहीरपणे लिहू दिलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. तसंही आमच्या टीममध्ये तुमचं दुसरं नाव आता कुणाच्या तोंडी येत नाही. आमच्या प्रकल्पाची आचारसंहिता, म्हणजे एकमेकांशी कसं वागायचं याचे नियम, तुम्ही कागदावरून खऱ्या वापरात आणलीत, त्याचे हे आभार.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमचं सॉफ्टवेअर छोटंसं आहे, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), फावल्या वेळात चालणारं. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्ही-टीटी सुरेख अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर ते युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतात, आणतं. इंटरनेटवरचं जुनं मराठी ज्यांनी वाचलंय त्यांनी ‘आथिर्क’ आणि ‘वाषिर्क’ हे शब्द नक्की पाहिलेत. त्यांची गोम अशी की जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. कन्व्हर्टरने वेलांटी उचलून ‘थ’नंतर ठेवली, पण रफाराला ती वेलांटी ओलांडून ‘थ’च्या आधी नेलं नाही, की तो बिचारा पुढच्या ‘क’च्या डोक्यावर जाऊन बसतो. आमच्याकडे हा बग दीड वर्ष पडून होता.

तो सोडवला एका विद्यार्थिनीने. अकरा ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, आणि सोबत मराठीत लिहिलेलं छोटं स्पष्टीकरण. त्यात दोन ठिकाणी ‘आनी’ लिहिलेलं होतं. मी, म्हणजे हा प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने, खाली लिहिलं, ‘आधी “आणि” लिहायला शिका, मग रफाराला हात लावा.’ सात जणांनी हसरे चेहरे टाकले. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटली. पॅच चालतो की नाही हे त्या दिवशी तपासूनसुद्धा पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी तुमचा फोन आला. तुम्ही रागावला नव्हतात. एवढंच विचारलंत, ‘तुमच्याकडे आचारसंहिता आहे ना? तक्रार कुठे करायची लिहिलंय?’ मी म्हटलं, असेल की शेवटी. ‘उघडा.’ उघडली. शेवटाकडच्या एका परिच्छेदात लिहिलं होतं की गैरवर्तन दिसल्यास इथे कळवा, आणि पुढे चौकटी कंस, आत मोठ्या अक्षरांत सूचना: ईमेल पत्ता घाला. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या यादीत प्रकल्पाचं नाव लागावं म्हणून मी ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’ या ओपन सोर्स प्रकल्पांसाठीच्या तयार आचारसंहितेची १.४ आवृत्ती उचलून जशीच्या तशी चिकटवली होती. कंस भरायचा राहिला होता. राहिला कसला, मी फाईल तिथपर्यंत वाचलीच नव्हती.

‘तिने वाचली,’ तुम्ही म्हणालात. ‘पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तक्रार करायची होती तिला.’

यावर गप्प बसायचं सोडून मी वाद घातला. लिनक्सचा जनक लिनस टोरव्हाल्ड्स आयुष्यभर लोकांना झापत आला, तरी लिनक्स जगभर चालतोच की! तुम्ही शांतपणे सांगितलंत की मी जुन्या बातम्या वाचतोय. कर्नलवाल्यांकडे, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांकडे, २०१५ पासून ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचा कागद होता. टीका होणारच, फार लागलं तर सांगा, असा त्याचा एकूण सूर. सप्टेंबर २०१८मध्ये तो गेला आणि त्या जागी हाच कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट आला. त्याच सुमारास लिनसने स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाला. कर्नलची ४.१९ ही आवृत्ती त्याचा सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमनने बाहेर काढली. कर्नल बंद पडला नाही. माझा सगळ्यात मोठा वकील असा तुम्ही पाच मिनिटांत फोडलात.

मग कामाला बसलो. ग्रुपवर ‘आचारसंहिता लागू करतोय’ असं टाकल्यावर जे व्हायचं तेच झालं. एकाने विचारलं, निवडणूक लागली का? दुसरा म्हणाला, म्हणजे आता नव्या कामाचे नारळ फुटणार नाहीत. चेष्टा होती, पण भीती खरी होती. आपल्याकडे आचारसंहिता म्हटलं की कामं थांबणार हे ठरलेलंच. तुम्ही मराठी फाईलचं नावच बदलून टाकलंत: ‘इथे कसं वागायचं’. मग कुणी नारळ काढला नाही.

१.४ काढून २.१ घ्यायची हा हट्टही तुमचाच. मला वाटलं, आकडा मोठा म्हणून. तुम्ही एका शब्दावर बोट ठेवलंत. कोरलाइन एडा एमके यांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या या मसुद्यात २०२१च्या २.१ आवृत्तीत, कोणत्या कारणावरून भेदभाव चालणार नाही त्या यादीत, ‘जात’ हा शब्द आला. मी म्हटलं, पण आमच्याकडे जातीवरून कुणी काही बोललेलंच नाही. त्यावर तुम्ही थोडं थांबलात आणि म्हणालात, ‘“आनी”वर हसताना तुम्ही नक्की कशावर हसत होता?’

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी आजी मरेपर्यंत ‘पानी’च म्हणायची. आईने पुण्यात आल्यावर स्वतःला ‘पाणी’ शिकवलं आणि आम्हा पोरांना धाक घातला. मी तो धाक त्या मुलीकडे पुढे सरकवला होता, वर विनोद म्हणून.

मूळ मसुद्यात नसलेल्या दोन ओळी तुम्ही मराठी फाईलमध्ये घातल्यात. एक, न-ण, श-स वरून कुणाला हसायचं नाही. मजकूर दुरुस्त करायचा असेल तर न बोलता दुरुस्त करावा. दोन, अनोळखी माणसाला अहो-जाहो. बाईला ‘मॅडम’ आणि पोराला ‘अरे भावा’ असा फरक नको. ‘हॅरॅसमेंट’ला ‘छळ’ म्हणावं की ‘त्रास’ यावर मात्र आपण दोन रविवार घालवले. छळ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, एवढं मोठं तर माझं काही झालं नाही, आणि तो तक्रारच करत नाही. शेवटी ‘त्रास’ ठेवला आणि खाली पाच उदाहरणं दिली. (एसक्यूलाइट या डेटाबेसवाल्यांनी २०१८मध्ये सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टचे मठातले नियमच आचारसंहिता म्हणून लावले होते, हे तुमच्याकडूनच कळलं. पुढे त्यांनी त्याचं नाव बदललं. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो डेटाबेस आहे, म्हणून सांगितलं.)

सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही शेवटी काढलीत. कंसात कुणाचा पत्ता घालायचा? मी लगेच म्हटलं, माझा. ‘आणि तक्रार तुमच्याबद्दल असेल तर?’ तक्रारींची मेलपेटी दोघांकडे गेली: तुम्ही आणि प्रकल्पाबाहेरचे एक निवृत्त शिक्षक. पासवर्ड मला नाही. पहिली तक्रार त्या विद्यार्थिनीची, माझ्याविरुद्धच आली, तुम्हीच तिला पत्ता कळवला होतात. नियमात चार पायऱ्या आहेत: दुरुस्ती, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. तुम्ही मला पहिली लावलीत. खाजगी पत्र आलं, दीड पानाचं, त्यात एकही विशेषण नव्हतं. मी काय लिहिलं, ते कुठल्या ओळीत बसत नाही, आणि जाहीर माफी अपेक्षित आहे. एवढंच. स्वतःच्याच प्रकल्पात असं पत्र घ्यायला कसं वाटतं ते इथे लिहीत नाही.

माफी त्याच धाग्याखाली मागितली. जुनी ओळ खोडू नका असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून ती आणि ते सात हसरे चेहरे अजून तिथेच आहेत. पॅच तिच्या नावाने मूळ कोडमध्ये मर्ज झाला, तो बरोबर होता. तिने उत्तर दिलं, ‘ठीक आहे.’ ती परत आलेली नाही. येईल असं मला वाटत नाही, आणि तिने यावं अशी अपेक्षा ठेवायचा हक्कही मला नाही. ‘आर्थिक’ मात्र आता ‘आर्थिक’च येतं.

मागच्या महिन्यात तुम्ही सहज म्हणालात, पेटीत आणखी दोन मेल होते, मिटले. कुणाचे, असं मी विचारलं. ‘तुम्हाला कशाला हवंय?’ बरं, नको.

जानेवारीत पेटी सांभाळायचं तुमचं वर्ष संपतंय. तुमच्या जागी कोण बसणार ते मेंटेनरने ठरवायचं नाही, हेही तुम्हीच लिहून ठेवलंय. तेव्हा नाव तुम्हीच सुचवा. मला ओरडायला न कचरणारं कुणी असेल तर बरं.

आपला,
‘आथिर्क’वाला मेंटेनर