व्हिएतनामची लॉटरी आणि न खपलेल्या तिकिटांचा भार

महोदय,

व्हिएतनामच्या आर्थिक भरारीचे कौतुक अलीकडे मराठी वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. मुंबईहून थेट विमानसेवा सुरू झाल्यापासून तेथे जाऊन येणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. हो ची मिन्ह सिटीत कॉफीच्या टपरीवर थोडा वेळ बसले, तरी लॉटरीच्या तिकिटांची चळत हातात धरून टेबलाटेबलाशी थांबणारी वृद्ध, अपंग आणि दृष्टिहीन माणसे दिसतात. परतलेल्या पर्यटकांच्या बोलण्यात त्यांची गणना सर्रास भिकाऱ्यांत होते, ती अन्यायकारक आहे. ही माणसे सरकारी महसूल गोळा करून देतात, आणि तेही स्वतःच्या जोखमीवर.

ही पारंपरिक लॉटरी प्रांतिक सरकारांच्या मालकीच्या कंपन्या चालवतात. दक्षिणेत रोज तीन आणि शनिवारी चार प्रांतांची सोडत दुपारी सव्वाचारच्या सुमारास निघते. उत्तरेत ती संध्याकाळी होते. दक्षिणेतील सहा अंकी तिकीट १० हजार डाँगचे, म्हणजे तीस-पस्तीस रुपयांचे, तर सर्वांत मोठे बक्षीस २ अब्ज डाँगचे. या उत्पन्नातून शाळा आणि रुग्णालये उभी राहतात, आणि उद्योगधंदे बेताचेच असलेल्या मेकाँग खोऱ्यातील काही प्रांतांच्या तिजोरीला तर लॉटरीचाच मोठा आधार असतो. तिकीट घेणाऱ्यालाही आपण अगदीच पैसे उधळले असे वाटत नाही; विक्रेत्या आजीबाईंना चार पैसे सुटावेत म्हणून, बक्षिसाची फारशी आशा न धरता, तिकीट घेणारे तेथे पुष्कळ आहेत.

प्रश्न आहे तो त्या आजीबाईंचा. एका तिकिटामागे त्यांना साधारण एक हजार डाँग, म्हणजे तीन-साडेतीन रुपये सुटतात. न खपलेली तिकिटे सोडतीपूर्वी ठरलेल्या वेळेत एजंटकडे परत करावी लागतात. ती वेळ चुकली, की उरलेली चळत त्यांच्याच गळ्यात पडते. पावसाने दुपार वाया गेली, तर दहा न खपलेली तिकिटे सुमारे नव्वद तिकिटांची कमाई गिळतात. याशिवाय अंक खाडाखोड करून बनवलेले ‘विजयी’ तिकीट दृष्टिहीन विक्रेत्याच्या हाती देऊन पैसे उकळणारे भामटेही आहेतच.

या आकड्यांवर आणखी एक बेकायदा बाजार चालतो. सरकारी निकालाच्या शेवटच्या दोन अंकांवर पैसे लावण्याचा ‘सो दे’ हा जुगार गल्लोगल्ली खेळला जातो आणि स्वप्नात काय दिसले त्यावरून आकडा ठरवला जातो. मटक्याचा काळ पाहिलेल्या मुंबईकराला यात नवल वाटणार नाही. २०१६ पासून व्हिएटलॉट ही संगणकीकृत सरकारी लॉटरीही आली आहे. तिचे कोट्यधीश विजेते ओळख लपवण्यासाठी मुखवटा घालून धनादेश स्वीकारतात, तो सोहळा मोठा गमतीचा असतो.

लॉटरी बंद करावी, असे माझे म्हणणे नाही. २०२१ मध्ये करोनामुळे दक्षिणेतील सोडती महिनोन्‌महिने थांबल्या, तेव्हा तिकीटविक्रेत्यांची रोजची कमाई एका दिवसात बंद झाली आणि सरकारला त्यांच्यासाठी मदत जाहीर करावी लागली. हे आपले लोक आहेत, हे संकटात मान्य करणाऱ्या सरकारने ते एरवीही मान्य करायला हवे. न खपलेल्या तिकिटांचा तोटा कंपन्यांनी सोसावा आणि विक्रेत्यांचा आरोग्य विमा लॉटरीच्याच नफ्यातून भरावा, एवढी तरतूद त्या नफ्यात सहज बसेल. पर्यटकांनीही त्यांना हाताने झिडकारण्याऐवजी एखादे तिकीट घ्यावे. पदराला खार लागेल तो तीस-पस्तीस रुपयांचाच.

– एक वाचक, ठाणे