वामनदादांची शिवडीतली वर्षे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला लोककवी वामनदादा कर्डक यांच्यावरचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे. पण नाव होण्याआधीचा सगळा काळ ‘लहानपण हलाखीत गेले’ या एका वाक्यात उरकला आहे. मी बरीच वर्षे प्रौढ शिक्षणाचे वर्ग घेतले, म्हणून मला नेमका तोच काळ जास्त मोलाचा वाटतो.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा मुलगा, जन्म 1922 चा. मुंबईत गिरणीत राबला, कोळशाच्या वखारीत खपला, चिक्कीसुद्धा विकली. शिवडीच्या बीडीडी चाळीत (ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या चाळींपैकी एक) कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिले, तेव्हा वाचता येईना म्हणून हा धडधाकट तरुण रडला. पुढे देहलवी मास्तरांनी बाराखडी शिकवली. जोडाक्षरे मात्र ते दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. यावर ‘केवढी जिद्द!’ म्हणून लोक मोकळे होतात. आमच्या वर्गातल्या बायका पाटी वाचायच्या त्या मोठ्याने, आणि अडखळलेला शब्द चालीत म्हणून पाहायच्या. मोठेपणी शिकणाऱ्याचे अक्षर डोळ्यांइतकेच कानावरही अवलंबून असते. वामनदादांच्या ओळी ऐकताच पाठ होतात, त्याचे मूळ मला इथे दिसते. हे कुणा समीक्षकाने लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

दुसरे असे की, 1943 मध्ये त्यांनी रचलेले पहिले गाणे हिंदी सिनेगीताचे विडंबन होते. आपले लेखक हे जरा ओशाळून सांगतात. ओशाळायचे काय त्यात? चाल लोकांच्या ओठांवर आधीच असते, नवे शब्द तेवढे बसवायचे. श्रोता घरी पोचेपर्यंत गाणे त्याचे झालेले असते. आंबेडकरी जलसेही, म्हणजे चळवळीचा विचार गाण्यांतून सांगणारे कार्यक्रमही, ओळखीच्या चालींवरच उभे होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार न्यायचा, तर छापील पुस्तिकेचा काय उपयोग होता? वामनदादांची शिकाऊ उमेदवारी झाली ती अशा श्रोत्यांपुढे. त्यांना कंटाळा आला की ते तोंडावर सांगत, उठून जात. असा परीक्षक विद्यापीठात मिळायचा नाही!

या उमेदवारीचे फळ पुढे सिनेमालाही मिळाले. ‘सांगत्ये ऐका’ (1959) मधले पाहुण्या-मेव्हण्याचे गाणे आजही वरातीत वाजते, पण त्याचे गीतकार वामनदादा हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

एक विनंती आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. शिवडीच्या चाळी बंदराच्या जागेवर असल्याने मागे राहिल्या. त्या पडण्याआधी आपला वार्ताहर तिथे पाठवा. जुन्या कुटुंबांत आजोबांच्या तोंडची, कुठल्याही संग्रहात न आलेली एखादी ओळ अजून कुणाला येत असेल, तर ती नोंदवून घ्या आणि छापा.

— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड