डॉ. जे. पी. नाईक यांचे स्मरण त्यांच्याच जिल्ह्यात व्हावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ५ सप्टेंबरला डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या प्रतिमेला हार घालून आपल्या जिल्ह्यातील शाळांमध्ये शिक्षकदिन साजरा होतो आणि तो तसा व्हायलाच हवा. परंतु त्याच दिवशी, म्हणजे ५ सप्टेंबर १९०७ रोजी, आजरा तालुक्यातील बहिरेवाडी या गावी स्वतंत्र भारताच्या शिक्षणव्यवस्थेवर खोल ठसा उमटवणारा एक माणूस जन्माला आला होता, हे किती शाळांमध्ये सांगितले जाते? डॉ. जयंत पांडुरंग तथा जे. पी. नाईक यांचे निधन ३० ऑगस्ट १९८१ रोजी झाले. स्मृतिदिन आणि जयंती असे दोन्ही दिवस एकाच आठवड्यात येत असूनही तो आठवडा कोल्हापुरात मुकाट्याने निघून जातो, याची खंत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक म्हणून मला वाटते आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आपल्या अनेक शाळांच्या भिंतींवर 'भारताचे भवितव्य वर्गखोल्यांमध्ये घडत आहे' असे वाक्य रंगवलेले असते. देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाच्या अहवालाची सुरुवात या आशयाच्या वाक्याने होते. १९६४ साली नेमलेल्या आणि १९६६ साली अहवाल देणाऱ्या त्या आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी होते, तर सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. देशभरातून माहिती गोळा करणे, अभ्यासगटांचे काम एका सूत्रात बांधणे आणि इतक्या प्रचंड अहवालाला आकार देणे या कामाचा फार मोठा भार त्यांनी वाहिला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही आज प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी ऐकू येणारी मागणी त्याच अहवालातून रुजली. गरीब-श्रीमंत सर्वांची मुले परिसरातील एकाच शाळेत शिकावीत, हा समाईक शाळांचा आग्रहही त्यातलाच.

नाईकांचा अधिकार केवळ कागदपत्रांतून आलेला नव्हता. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला आणि सुटकेनंतर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून प्रौढशिक्षणाचे व ग्रामसुधारणेचे काम केले. सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी लिहिलेला ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे शिक्षक-प्रशिक्षणाच्या किती तरी पिढ्या 'नुरुल्ला आणि नाईक' ही जोडनावे पाठ करूनच बाहेर पडल्या. १९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली व १९७६ साली ती पुण्याला नेली. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले सदस्य-सचिवही तेच होते. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. युनेस्कोने जगभरच्या शंभर शिक्षणचिंतकांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यांत महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ यांच्यासोबत बहिरेवाडीच्या या सुपुत्राचेही चरित्र आहे. जिल्ह्याच्या दृष्टीने याहून अभिमानाची गोष्ट कोणती असू शकेल, हे मला खरोखरच सुचत नाही.

तरीही माझ्यासारख्या शिक्षकांच्या मनात नाईकांचे खरे स्थान दिल्लीमुळे नाही, गारगोटीमुळे आहे. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव दिलेले मौनी विद्यापीठ त्यांनी सहकाऱ्यांसह गारगोटी येथे, भुदरगड तालुक्याच्या डोंगराळ भागात उभे केले, तेव्हा त्या भागात पक्का रस्तासुद्धा अपूर्वाईचा होता. बालवर्गापासून अध्यापक प्रशिक्षणापर्यंत सारे एकाच आवारात असावे आणि त्या आवाराचा आसपासच्या शेतीशी, आरोग्याशी, कारागिरीशी रोजचा संबंध असावा, ही त्यांची कल्पना होती. केंद्र सरकारने १९५६ पासून देशात निवडक ठिकाणी ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था सुरू केल्या, त्यांत गारगोटीचा समावेश झाला. तेथून ग्रामीण सेवेची पदविका घेतलेली आणि तिथल्याच 'आयसीआरई' या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतून स्थापत्य शिकून बाहेर पडलेली माणसे पुढे गावोगावी शिक्षक, ग्रामसेवक, अभियंते म्हणून उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शिकण्यासाठी खेडे सोडावे लागू नये, असे म्हणणारे पुष्कळ असतात. नाईकांनी ते प्रत्यक्ष उभे करून दाखवले. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांनीही गारगोटीत काम केले आणि पतीच्या निधनानंतर पुणे जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा गुरे राखणाऱ्या व घरकामात अडकलेल्या मुलामुलींच्या संध्याकाळच्या वर्गांचे काम निष्ठेने पुढे नेले. त्या बाईंविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. येथे नुसता उल्लेख करून पुढे जावे लागत आहे.

हे सारे आज सांगण्याचे एक निकडीचे कारण आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ पासून राज्यात चर्चेत आहे आणि वीसपेक्षा कमी पट असलेल्या वाडी-वस्तीवरच्या शाळांच्या पालकांच्या मनात धास्ती आहे. आजरा, भुदरगड, चंदगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांत पावसाळ्यात ओढे कसे फुगतात आणि पहिली-दुसरीतल्या मुलाला पुढच्या गावी पाठवताना आईचा जीव कसा खालीवर होतो, हे तेथे नोकरी केलेल्या कोणत्याही गुरुजींना विचारावे. या चर्चेत शाळा संकुलाच्या कल्पनेचा आधार घेतला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ही कल्पना मुळात १९६४-६६ च्या आयोगाची असल्याचे नमूद केले आहे. मात्र आयोगाच्या मनातले संकुल म्हणजे एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांची जुळणी होती, ज्यात प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि अनुभवी शिक्षक यांचा लाभ लहान शाळांना मिळावा आणि त्यांचे एकाकीपण संपावे. तेथे लहान शाळा टिकून राहणे गृहीत होते. दोन शिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला आठवड्यातून एकदा विज्ञानाचे साहित्य आणि सोबतीला एक जाणता सहकारी मिळाला, तर तिची गुणवत्ता वाढू शकते, असा त्यामागचा विश्वास होता. मुलांच्या पायाखालचे अंतर वाढवणारी योजना ही त्या कल्पनेची अंमलबजावणी ठरू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ घालणे हा भारतीय शिक्षणातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, असे नाईक सांगत आले आणि या तिन्हींपैकी समतेला सोडून देण्याची मुभा त्यांनी कधी कोणाला दिली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, तेव्हा नाईक दहा वर्षांचे होते. शिक्षणाच्या बाबतीत कोल्हापूरला असा वारसा लाभलेला असताना नाईकांचे नाव केवळ बी.एड.च्या प्रश्नपत्रिकेपुरते उरावे, हे योग्य नाही. माझी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला नम्र विनंती आहे की, यंदापासून ३० ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या आठवड्यात केंद्रशाळांमधील शिक्षक परिषदांमध्ये आयोगाच्या अहवालातील प्राथमिक शिक्षणाचे आणि शाळा संकुलाचे प्रकरण वाचून त्यावर चर्चा घडवावी आणि कमी पटाच्या शाळांविषयी निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या चर्चेला आवर्जून बसावे. शिवाजी विद्यापीठाने नाईकांचे निवडक लेखन सुबोध मराठीत आणि शिक्षकाला परवडेल अशा किमतीत उपलब्ध करून द्यावे, अशीही विनंती आहे. या कामी अनुवाद तपासणे, मुद्रिते वाचणे अशी कोणतीही मदत लागल्यास माझ्यासारखे अनेक निवृत्त शिक्षक ती विनामोबदला करण्यास आनंदाने तयार होतील.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
कोल्हापूर